‘फूस लावून पळवून नेले’: कलम ३६३, दोन अपिले आणि मुलीच्या इच्छेची जात

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही दैनिकाचे गुन्हेगारीचे पान काढा. चार ओळींची एक बातमी तिथे हमखास सापडते. अल्पवयीन मुलीला कोणीतरी फूस लावून पळवून नेले, वडिलांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल, तपास सुरू. गाव बदलते, पोलीस ठाणे बदलते. ‘फूस लावून’ हे शब्द बदलत नाहीत.

काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या बातमीचा दुसरा भाग आपल्या वस्तीत येतो. एक आई किंवा बाप कागदांनी भरलेली पिशवी घेऊन कार्यकर्त्याच्या दारात उभा राहतो. मुलगा तुरुंगात, शिक्षा लागलेली. प्रश्न एकच असतो : “दादा, पोरगी स्वतःच्या पायानं आली होती. कोर्टात तिनं तसं सांगितलंसुद्धा. मग आमच्या पोरानं तिला पळवलं कसं?”

या प्रश्नाला वकिलाचे उत्तर अर्ध्या मिनिटाचे आहे : मुलगी अल्पवयीन असेल तर तिची संमती कायदा मोजत नाही. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कायद्याने मुलीची इच्छा कधी मोजली, कधी मोजली नाही आणि कोणत्या मुलीची मोजली, याला इतिहास आहे. आपल्या तरुणांना तो माहीत असलाच पाहिजे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख अल्पवयीन मुलींशी संबंध ठेवण्याचे किंवा बालविवाहाचे समर्थन नाही. मुलींची लहान वयातली लग्ने हे जात टिकवण्याचे एक हत्यार आहे, हे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. मुलगी शिकली पाहिजे, सज्ञान झाली पाहिजे आणि मगच तिने आपला निर्णय घेतला पाहिजे. प्रश्न वेगळा आहे : तिच्या नावाने चालणारा कायदा नेमके कोणाचे रक्षण करतो?

रखवाली कोणाची?

भारतीय दंड संहिता १८६० सालची. तिच्या कलम ३६१ मध्ये अपनयनाची व्याख्या होती आणि ३६३ मध्ये शिक्षा, सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच गुन्हा कलम १३७ मध्ये गेला. आपले लोक मात्र अजून ‘तीनशे त्रेसष्ट’च म्हणतात.

कलम ३६१ चा गाभा असा : अल्पवयीन मुलाला किंवा मुलीला कायदेशीर पालकाच्या रखवालीतून, पालकाच्या संमतीशिवाय, नेणे किंवा भुलवून नेणे. नीट वाचा. संमती पालकाची. रखवाली पालकाची. मूल मध्ये आहे, पण गुन्हा घडतो तो पालकाच्या हक्काविरुद्ध.

याचे मूळ इंग्लंडमध्ये सापडते. तिथे १५५७ साली कायदा झाला तो इस्टेटीच्या वारस असलेल्या सोळा वर्षांखालील मुलींसाठी. मुलगी गेली की इस्टेट गेली, ही खरी भीती होती. पुढच्या इंग्रजी कायद्यांनी तर मुलगी बापाच्या ‘ताब्यातून’ नेणे असाच शब्द वापरला. इंग्रज हा विचार इथे घेऊन आले तेव्हा त्यांना जमीन तयारच मिळाली. स्त्रीची रखवाली लहानपणी बापाने, मग नवऱ्याने, मग मुलाने करावी हा मनुस्मृतीचा दंडक इथे आधीपासून होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्यातल्या रखवालीला इंग्रजी कायद्यात नवा जोडीदार मिळाला होता.

इंग्लंडमध्ये राखायची होती इस्टेट. इथे काय राखायचे होते? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले आहे. जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचे तर बाईवर पहारा हवाच. सती, सक्तीचे वैधव्य आणि मुलींची बालपणी लग्ने या त्या पहाऱ्याच्याच तीन रीती. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी जातीवरचा खरा इलाज म्हणून आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवले. म्हणजे मुलीचे पाऊल घराबाहेर पडते, तेव्हा फक्त घराचा नव्हे, जातीचा उंबरठा ओलांडला जातो. पोलीस ठाण्यात धावत जाणाऱ्या बापाला हे पक्के माहीत असते.

आता १९४९ साल पाहा. त्या एकाच वर्षी तीन गोष्टी झाल्या. हिंदूंमधल्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारा कायदा झाला. बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ वरून १५ झाले. आणि दंड संहितेत दुरुस्ती होऊन अपनयनासाठी मुलीचे वय १६ वरून १८ झाले.

शेवटच्या दोन गोष्टी शेजारी ठेवा. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचे लग्न बाप लावून देऊ शकत होता. कायद्याची हरकत नव्हती. तीच मुलगी सतराव्या वर्षी स्वतःच्या पसंतीच्या माणसाबरोबर गेली तर तो माणूस गुन्हेगार. बापाने दिली तर ती पंधराव्या वर्षी बायको, स्वतः गेली तर अठरापर्यंत बालक! १९७८ च्या दुरुस्तीने लग्नाचे वय १८ होईपर्यंत, जवळजवळ तीस वर्षे, ही विसंगती चालू होती. वयाचा प्रश्न खरोखर मुलीच्या भल्याचा असता, तर दोन्ही आकडे एकत्र वाढले असते. वाढला तो पहाऱ्याचा आकडा.

पहिले अपील : मद्रास, १९६०

३६३ च्या खटल्यात सोलापूरपासून गडचिरोलीपर्यंतचे बचावाचे वकील आजही ज्या निकालाचा आधार घेतात, तो मद्रासच्या एका प्रकरणातला आहे : एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य.

मुलगी मद्रास सरकारच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची. कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. शेजारच्या तरुणाशी तिचे बोलणे होते. ३० सप्टेंबर १९६० रोजी घरी कळले. याच्याशीच लग्न करणार, असे तिने सांगितले. बापाने तिला नातेवाइकाच्या घरी नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथून एकटी बाहेर पडली, तिने स्वतः त्या तरुणाला फोन केला आणि अमुक रस्त्यावर ये म्हणून सांगितले. तो गाडी घेऊन आला. दोघे निबंधक कार्यालयात गेले, लग्नाचा करार नोंदवला आणि गावोगाव फिरत राहिले. महिन्याभराने पोलिसांना ते तंजावरला सापडले. मुलीची जन्मतारीख १३ नोव्हेंबर १९४२. म्हणजे घर सोडले त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण व्हायला साधारण दीड महिना कमी होता. तेवढ्यावर मॅजिस्ट्रेटने तरुणाला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयात अपील गेले. न्या. सुब्बाराव, न्या. हिदायतुल्ला आणि न्या. ज. र. मुधोळकर असे खंडपीठ होते. ९ सप्टेंबर १९६४ चा निकाल लिहिला तो मुधोळकरांनी. नागपूर आणि मुंबई उच्च न्यायालयांत न्यायाधीश राहिलेला हा मराठी माणूस. त्यांनी ‘नेणे’ या शब्दावर बोट ठेवले. एखाद्या मुलीला नेणे वेगळे आणि ती स्वतःहून आली असता तिला बरोबर येऊ देणे वेगळे. मुलीला आपण काय करतो आहोत याची पूर्ण समज असेल, ती स्वतः पालकाचे घर सोडून आली असेल, आणि आरोपीने तिला वचन देऊन, आमिष दाखवून किंवा तिचा निश्चय घडवून बाहेर काढले नसेल, तर तो अपनयनाचा गुन्हा होत नाही. तरुण निर्दोष सुटला.

मोठा निकाल होता. अठरा वर्षांखालच्या मुलीलाही स्वतःचे मन असते, हे त्यात मान्य झाले. पण त्यातच एक वाक्य असे आहे की ज्यावर आपण थांबले पाहिजे. न्यायालयाने कारण दिले ते असे : ही मुलगी म्हणजे खेड्यातली अशिक्षित, भोळी मुलगी नव्हे. ती मोठ्या शहरात वाढलेली, कॉलेजात वरच्या वर्गात शिकणारी आहे. म्हणून ग्रामीण भागातल्या निरक्षर मुलीपेक्षा तिला स्वतःचा विचार करण्याची आणि स्वतः पाऊल उचलण्याची कुवत कितीतरी अधिक आहे.

म्हणजे शहरातल्या शिकलेल्या, अधिकाऱ्याच्या मुलीला इच्छा असते. खेड्यातल्या निरक्षर मुलीचे काय? तिच्या इच्छेचा निवाडा पुढे आपल्याच महाराष्ट्रात झाला.

दुसरे अपील : देसाईगंज, १९७२

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी भावाजवळ राहत होती. मजुरी करून पोट भरत होती. ज्या घरी ती कामाला जायची, त्या घरच्या नातेवाईक तरुणाशी तिचे जुळले आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले. २६ मार्च १९७२ रोजी भावाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली : माझ्या बहिणीला या लोकांनी पळवले.

तीच तक्रार. फूस लावून पळवून नेले.

पोलिसांनी सगळ्यांना ठाण्यात आणले, जबाब घेतले. रात्री साडेदहाच्या सुमारास इतरांना जायला सांगितले आणि मुलीला थांबवून घेतले. ठाण्याच्या आवारात दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. बाहेर तिचे लोक उभे होते. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितले. मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत झालेला हा खटला सुरू झाला तो अपनयनाच्या तक्रारीतून, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

१९७४ साली सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले आणि मुलीलाच खोटारडी ठरवले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून दोघांना शिक्षा दिली, एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष. मग पोलीस अपिलात गेले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचे पटत नाही. तेव्हा ती राजी होती, असा अर्थ काढला गेला.

दोन निकाल शेजारी ठेवा

१९६४ मध्ये न्यायालय म्हणते, निरक्षर खेडुत मुलीला स्वतःचा विचार करण्याची कुवत कमी. १९७८ मध्ये त्याच न्यायालयापुढे निरक्षर खेडुत आदिवासी मुलगी उभी राहते, अर्ध्या रात्री, पोलीस ठाण्यात, दोन गणवेशधाऱ्यांपुढे, आणि तिथे मात्र तिच्याकडे भरपूर इच्छा, भरपूर संमती असल्याचा शोध लागतो!

ती आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर गेली तेव्हा तिला अक्कल नव्हती, कोणीतरी तिला पळवले होते. पोलिसाने ओढले तेव्हा मात्र ती सज्ञान झाली. इच्छा तिची कधीच नव्हती. ज्याच्या सोयीची होती, त्याने ती ठरवली.

दोन खटले वेगळे, कलमे वेगळी, हे मला माहीत आहे. पण प्रश्न दोन्हीकडे एकच होता : या मुलीला स्वतःचे मन आहे का? आणि उत्तर देताना तिचे शिक्षण, तिचे घर, तिचा समाज नजरेआड झाला नाही. मन असण्यालाही इथे वर्ग आहे, जात आहे.

या निकालाविरुद्ध १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आली. एका आदिवासी मजूर मुलीच्या हरलेल्या खटल्यातून हे घडले. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

करमाळा आणि खर्डा

आपल्या जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या मातीत नागराज मंजुळेंनी ‘सैराट’ उभा केला. २०१६ साली तो महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. गाणी सगळ्यांना पाठ आहेत. पण पोलीस ठाण्यातला प्रसंग आठवा. मुलगी स्वतःहून गेलेली असते आणि कागदावर मुलगा व त्याचे मित्र गुन्हेगार झालेले असतात. आर्ची ठाण्यात उभी राहून ते मोडून काढते, कारण ती पाटलाची मुलगी आहे. तिच्या जागी वस्तीतली मुलगी असती, तर तिचे कोणी ऐकले असते?

आणि करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकले गेले. सवर्ण मुलीशी बोलतो, या संशयावरून. त्याच्यावर ३६३ लागले नाही, आरोपपत्र आले नाही, अपील तर नाहीच. तोही कायद्याने अल्पवयीनच होता. त्याच्या खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपली मुलगी हरवते, तेव्हा हेच कलम लावायला पोलीस टाळाटाळ करतात. “गेली असेल कोणाबरोबर, येईल,” हे उत्तर किती आयांनी ऐकले आहे! म्हणून सर्वोच्च न्यायालयाला मे २०१३ मध्ये सांगावे लागले की हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून तपास केला पाहिजे. मुले विकणाऱ्या टोळ्या खऱ्या आहेत आणि त्यांच्या हाती सापडणारी मुले बहुतेक गरिबांचीच असतात. म्हणून ‘कलमच रद्द करा’ ही आपली मागणी असू शकत नाही. कलम सर्वांना सारखे लागू करा, ही आपली मागणी आहे.

अपील म्हणजे काय, हे शिका

आता त्या आईबापाच्या पिशवीकडे परत येऊ. कार्यकर्त्यांनी पाच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

एक, वय. सगळा खटला वयावर उभा असतो. शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम बाल न्याय कायद्यात आहे. शाळेत अंदाजाने लिहिलेल्या जन्मतारखांचा आपल्या वस्त्यांना चांगलाच अनुभव आहे. ती नोंद कशाच्या आधारावर झाली, हे उलटतपासणीत विचारले गेले पाहिजे.

दोन, वरदराजन निकालाची मर्यादा. तो फक्त अपनयनाच्या आरोपाला उत्तर देतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू आहे आणि शरीरसंबंधाच्या आरोपात अठरा वर्षांखालील मुलीची संमती तिथे चालत नाही. ३६३ एकटे असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे. त्याला लग्नासाठी पळवण्याचे कलम आणि पॉक्सो जोडले की चित्र बदलते. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भारती डांगरे यांनी अशाच एका अपिलात शिक्षा रद्द केली आणि संमतीच्या वयाचा विचार संसदेने करावा असे सुचवले. पण कायदा अजून तोच आहे. आपल्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा : ती अठरा पूर्ण होईपर्यंत थांबा. थांबणे म्हणजे माघार नव्हे.

तीन, मुलीचा जबाब. मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब हा तिचा स्वतःचा आवाज असतो. तो देताना ती कोणाच्या ताब्यात होती, बापाच्या की बालगृहाच्या, हे अपिलात महत्त्वाचे ठरू शकते.

चार, अपिलाची वाट. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर अपील सत्र न्यायालयात, सत्र किंवा विशेष न्यायालयाने दिली तर उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, बालकांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. मुदत चुकवू नका.

पाच, खोटी फिर्याद. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाविरुद्ध त्या समाजाबाहेरच्या कोणी खोटा, द्वेषमूलक फौजदारी खटला उभा केला, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आपण हे कलम फार कमी वापरतो.

बाबासाहेब बॅरिस्टर होऊन आले तेव्हा त्यांच्याकडे मोठ्या पेढ्यांचे अशील नव्हते. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांचे अपील बाबासाहेबांनी चालवले आणि त्यांना सोडवून आणले. खालच्या न्यायालयाचा निकाल हा शेवटचा शब्द नसतो, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.

अपील म्हणजे पुन्हा एकदा ऐकून घेण्याचा हक्क. ज्यांचे पिढ्यान् पिढ्या एकदाही ऐकून घेतले गेले नाही, त्यांना या हक्काची किंमत इतरांपेक्षा जास्त कळली पाहिजे. आणि तो हक्क फक्त तुरुंगातल्या मुलापुरता मागू नका. ‘फूस लावून’ या दोन शब्दांत जिचे मन पुसून टाकले जाते, त्या मुलीचेही ऐकले पाहिजे. ती पाटलाची असो की आपल्या वस्तीतली.

पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी वाचाल तेव्हा एकच प्रश्न विचारा : यात मुलगी काय म्हणते?

जय भीम!